उसना आवाज

भैय्यालालने मिशी काढली त्या दिवशी गावातली चार माणसं सांत्वनाला येऊन गेली. आपल्याकडे घरात कोणी गेल्याशिवाय मिशीला वस्तरा लागत नाही, आणि भैय्यालालचा म्हातारा बाप तर ओसरीवर बसून मजेत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. "काहून गा, कोन गेलं?" एकाने शेवटी विचारलंच. "कोनीच नाही गेलं. गरम होऊन राहिलं म्हनून काढली," भैय्यालाल म्हणाला. महिना कार्तिकाचा. अंगावर घोंगडी घेऊन उकाड्याची तक्रार करणाऱ्या माणसाला पुढे काय विचारणार? लोक हसले आणि गेले. बायको कौशल्याबाई मात्र तेवढ्यावर सोडणारी नव्हती. तिने तीन दिवस अबोला धरला आणि चौथ्या दिवशी एकच शब्द विचारला, "कोनासाठी?" अशा बाबतीत बायका चुकत नाहीत. मिशी खरंच एका बाईसाठी काढली होती.

आता तुमच्या मनात जे आलं तेच कौशल्याबाईच्याही मनात आलं, आणि ते साफ चूक होतं. ती बाई म्हणजे सत्यभामाबाई, आमच्या भंडारा-गोंदियाकडच्या झाडीपट्टीच्या नाटकांतली नावाजलेली खाष्ट सासू. तिचे कान गेले होते. स्टेजवर ती भैय्यालालच्या ओठांवरून आपली वाक्यं उचलत होती, आणि मिशी आड येत होती. इतकी साधी गोष्ट, पण ती बायकोलाही सांगायची सोय नव्हती. ती फुटली असती तर सत्यभामाबाईचं नाटक त्याच हंगामात संपलं असतं.

ज्याने आमच्याकडचं नाटक पाहिलं नाही त्याला हे कळायचं नाही. दिवाळी झाली की होळीपर्यंत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. रात्री दहाला घंटा होते आणि उजाडायला येतं तेव्हा शेवटचा पडदा पडतो. तीच नटी आज या नाटकात आई, उद्या दुसऱ्यात सासू, परवा तिसऱ्यात राणी. एवढं पाठ करायला सवड कोणाला? म्हणून प्रॉम्प्टर. स्टेजच्या पुढ्यात खड्डा असतो. त्यात ऑर्गनवाला, तबलेवाला बसतात आणि मधोमध वही घेऊन प्रॉम्प्टर. त्याने वाक्य सोडायचं आणि नटाने झेलून लोकांपर्यंत पोचवायचं. प्रेक्षकाला प्रॉम्प्टर ऐकू गेला तर प्रॉम्प्टर कच्चा, आणि नटाला ऐकू नाही गेला तर नाटक गेलं. भैय्यालाल पावसाळ्यात बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्यावर धानाची शेती करायचा आणि हिवाळाभर त्या खड्ड्यात बसायचा. तीस वर्षांत त्याचा आवाज एकाही प्रेक्षकाने ऐकला नव्हता, आणि त्याला याचाच मोठा अभिमान होता.

सत्यभामाबाई या धंद्यात आली ती गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढल्या हिवाळ्यात. आंधळगाव तिचं माहेर. घरात कोष्ट्याचा माग. सासर तुमसरला, नवरा लक्ष्मण राईस मिलमध्ये मुकादम. वय चौतीस, शिक्षण चौथी, आणि नाटकाशी संबंध म्हणाल तर मंडईला माहेरी येऊन बायकांत बसून पाहणं एवढाच. त्या वर्षी इश्वरच्या नाटक कंपनीचा प्रयोग आंधळगावला होता. बाकीच्या कंपन्या वडसा गावात बसून धंदा करतात. इश्वरने साकोलीत आपली वेगळी चूल मांडलेली. कंपनीचं जेवण सत्यभामाच्या भावाकडे होतं, आणि ऐन जेवणाच्या वेळी कंपनीची सासू, रुखमा, हिचा घसा बसला. नुसता वारा येत होता तोंडातून. इश्वर डोक्याला हात लावून पानावर बसला होता. तेवढ्यात आतून सत्यभामाने मागावर बसलेल्या भावाला जेवायला हाक मारली.

मागाच्या खटखटीवरून पलीकडच्या माणसापर्यंत पोचायचं म्हणजे आवाज बेंबीच्या देठापासून काढावा लागतो. कोष्ट्याच्या घरातल्या पोरी तो पाळण्यातच शिकतात. इश्वरचा घास हातातच राहिला.

"हे बाई कोन आहे?" तो म्हणाला.

"मले नाटक-फाटक येत नाही," सत्यभामा दारातून म्हणाली. "वाचतानी पन अडकते मी."

"वाचाचं मी," कंपनीचा प्रॉम्प्टर भैय्यालाल पानावरून म्हणाला. "तुमी फक्त माझ्या मांगून या."

आणि ती आली. त्या रात्री तिने सुनेला घराबाहेर काढलं तेव्हा बायकांच्या बाजूने एक चप्पल उडत आली. झाडीपट्टीत सासूला चप्पल मिळाली की भूमिका झाली म्हणायचं. लक्ष्मणने परवानगी दिली, पण एका अटीवर: पोस्टरवर माझ्या घरचं आडनाव नको. म्हणून ती नुसती सत्यभामाबाई. पुढे लक्ष्मण वारला, अडवणारं कोणी राहिलं नाही, तरी तिने आडनाव लावलं नाही. म्हणायची, शब्द दिला तो माणूस गेला म्हणून शब्द जात नाही.

बारा वर्षांत तिने इतक्या सुना छळल्या की लाखनीच्या बाजारात बायका तिला कोथिंबीरसुद्धा आधी घेऊ देत नसत. "आमची पाळी आहे, सासूबाई," म्हणून मुद्दाम पुढे घुसत. ती आनंदाने मागे उभी राहायची. माणसाला नाव मिळालं की असले अपमान गोड लागतात.

या बारा वर्षांत रुखमाचं काय झालं, तेही सांगितलं पाहिजे, कारण पुढची सगळी भीती तिथून सुरू होते. घसा सुटल्यावर रुखमा आईची कामं करू लागली, पण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. एका प्रयोगात बोलता बोलता ती चार पावलं जास्त चालली आणि खड्ड्यात ऑर्गनवर पडली. लोक पोट धरून हसले. इश्वर तिला एका शब्दाने बोलला नाही. चहा पाजला, घरी सोडलं. पुढल्या हंगामाच्या पोस्टरवर तिचं नाव नव्हतं. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस तो. वाईट बातमी तोंडाने कधी देत नाही, पोस्टरवरून देतो.

सत्यभामाबाईचा डावा कान लहानपणापासूनच वाहायचा. उजवा चाळिशीनंतर हळूहळू विझत गेला. भंडाऱ्याच्या डॉक्टरने कानातलं मशीन दिलं. ते लावून ती एकदा माइकखाली उभी राहिली, तर मशीननेच शिट्टी मारली. कोणी टवाळाने मारली समजून लोकांनी उलट चार शिट्ट्या दिल्या. त्या दिवसापासून मशीन घरी तांदळाच्या डब्यात पडून राहिलं.

भैय्यालालला हे कळलं ते लाखनीच्या प्रयोगात. वहीचं पान चिकटलं होतं. मान खाली घालून पान सोडवता सोडवता त्याने वाक्य दिलं. बाई गप्प. त्याने पुन्हा दिलं, जरा मोठ्याने. बाई गप्प. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने दिलं की शेजारच्या तबलेवाल्याने चमकून पाहिलं, आणि बाई तरीही त्याच्याकडे बघत उभीच. त्याने घाबरून मान वर केली, तेच वाक्य पुटपुटला, आणि तिने ते तत्क्षणी उचललं. त्यानंतर भैय्यालालने मान खाली घातलीच नाही.

प्रयोग संपल्यावर मेटॅडोरच्या मागे ती शाल गुंडाळून उभी होती. तो तिच्या पाठीमागे जाऊन म्हणाला, "बाई, चहा घेता का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. मग तो वळसा घालून समोर आला. त्याचं तोंड पाहूनच ती समजली.

"कोनाले सांगजो नोको, भैय्यालालभाऊ."

"नाही सांगत."

"रुखमाचं पाह्यलं ना तुमी?"

"पाह्यलं."

एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी त्याने मिशी काढली. आठवडाभराने खर्राही सोडला, कारण गालात खर्रा असला की ओठ पुरते उघडत नाहीत. झाडीपट्टीचा गडी खर्रा सोडतो म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. वही तो हनुवटीच्या खाली धरू लागला. समोरचा नट बोलून थांबला की तो बोट उचलायचा, म्हणजे बाईची पाळी. "सासू समोर तोंड करूनच शोभते" असं सांगून त्याने तिच्या सगळ्या जागा बदलून घेतल्या. सहा हंगाम गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ती सहा वर्षं आवळून धरायची म्हणजे बोटं दुखणारच. प्रत्येक प्रयोगात खड्ड्यातला दिवा जरा मिणमिणला तरी भैय्यालाल वही सोडून आधी तो आपल्या तोंडाजवळ ओढायचा.

अशात टीव्हीवाले आले.

नागझिऱ्याच्या जंगलालगत एका मालिकेचं शूटिंग होतं. मुंबईची एक पोरगी थंडीने कुडकुडत साकोलीचा प्रयोग पाहायला बसली आणि सकाळी इश्वरच्या दारात उभी राहिली. तिला मालिकेतल्या गावाची आजी सापडली होती. सत्यभामाबाई हो म्हणाली आणि मग भैय्यालालकडे बघत राहिली. तिथे ना खड्डा, ना वही. पण ही बाई काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिने दिग्दर्शकाला सांगितलं, हा माझा मोठा भाऊ, हा समोर बसल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, आमच्या देवाचं तसं आहे. मुंबईच्या माणसाला खेड्यातली अंधश्रद्धा सांगा, तो लगेच विश्वास ठेवतो. कॅमेऱ्याशेजारी भैय्यालालसाठी खुर्ची ठेवली गेली. पंधरा दिवस तो त्या खुर्चीत बसून ओठ हलवत होता आणि बाई बोलत होती. दिग्दर्शकाने जाताना त्याच्याही पाया पडून घेतलं.

शेवटच्या दिवशी आवाजाचं काम बघणारा माणूस म्हणाला की हायवेवरच्या ट्रकांनी सगळा आवाज खराब झालाय, मुंबईला येऊन पुन्हा बोलावं लागेल. कसं, ते त्याने दाखवलंही. कानांवर दोन वाट्या लावायच्या, पडद्यावर आपलंच तोंड बघायचं, आणि कानात खूण वाजली की नेमकं तेव्हाच बोलायचं. सत्यभामाबाईने वाट्या हातात घेतल्या, उलटसुलट केल्या आणि परत दिल्या.

मार्चमध्ये मुंबईचा फोन आला. घेतला तिच्या मुलीने, रुचिकाने. ती तुमसरच्या शाळेत शिकवायची आणि आईच्या कानांची गोष्ट जाणणारी दुसरी व्यक्ती तीच. "सांग, ताप आहे," बाई म्हणाली. पुन्हा फोन आला. पुन्हा ताप. तिसऱ्यांदा पलीकडचा माणूस म्हणाला, राहू द्या, आम्ही इकडेच करून घेतो. बाईला वाटलं, सुटलो. जसा घेतला तसाच आवाज लावतील. रुचिकालाही तसंच वाटलं. दोघींनी त्या दिवशी गोड केलं.

मालिका सुरू झाली तेव्हा धानाच्या रोवणीचे दिवस होते. चिखलाचे पाय धुऊन भैय्यालाल टीव्हीपुढे बसला. आजी पडद्यावर आली, तिने तोंड उघडलं आणि आतून कोणी दुसरीच बाई बोलली. गोड, घासून पुसून घेतलेला आवाज, आणि बोली कुठल्या मुलखातली खेडवळ कोण जाणे. भंडाऱ्याची तर नक्कीच नाही.

"हे तं सत्यभामाबाई नोहोय," कौशल्याबाई म्हणाली.

अठरा वर्षं जो आवाज भैय्यालाल वाक्यावाक्याने वर पाठवत आला होता, तो कोणीतरी खरडून काढून टाकला होता. त्याला इतका राग आला की समोरचं ताट त्याने सरकवून दिलं. आणि रागाच्या मागोमाग भीती आली. तिला ऐकू येत नाही. तिला हे कळणारच नाही.

दुसऱ्या दिवशी तो बसने तुमसरला गेला. बाईच्या खोलीत मोहल्ल्यातल्या बायका जमलेल्या, टीव्हीत आवाज असाच बदलतो असं धरून चाललेल्या, आणि टीव्ही भिंत हादरेल इतका मोठा. बाई पडद्यावरच्या आपल्या ओठांकडे बघून तीच वाक्यं तोंडातल्या तोंडात म्हणत होती. सगळी जुळत होती. का जुळणार नाहीत? शब्द तेच होते.

"पाह्यलं का भैय्यालालभाऊ?" ती म्हणाली. "कसं झालं?"

तो सांगायलाच आला होता. ओठ उघडलेही. तिचे डोळे त्या ओठांवर येऊन थांबले, एखादी पोर परीक्षेच्या निकालाकडे बघते तसे. "चांगलं झालं," तो म्हणाला. दोन कप चहा प्याला आणि उठला.

रुचिका त्याला बसपर्यंत सोडायला आली. "काका, मी सांगाले गेली होती," ती म्हणाली. "तं तिनंच मले इचारलं, माझा आवाज कसा वाटते? माझ्या तोंडून निंघून गेलं, चांगला वाटते. आता कोन्त्या तोंडानं सांगू?"

"सीझनच्या आधी मी सांगतो," भैय्यालाल म्हणाला.

शब्द देणं सोपं असतं. धान निसवलं, कापणी झाली, दिवाळी झाली, आणि भैय्यालाल रोज उद्यावर ढकलत राहिला. तिकडे इश्वरने पोस्टरं छापली. नायकाच्या फोटोपेक्षा सासूचा फोटो मोठा: टीव्हीवरची गाजलेली आजी, प्रत्यक्ष रंगमंचावर! आवाजातला फरक त्यालाही कळला होता, पण त्याला वाटलं यंत्राने गोड केला असेल. इश्वरचं डोकं धंद्यात बाराही महिने चालतं, बाकी कशात ते चालवायची त्याला गरज पडलेली नाही.

हंगामाचा पहिला प्रयोग साकोलीपलीकडच्या मोहबोडीला होता. तिथली एक गोष्ट भैय्यालालला माहीत होती. आदल्या वर्षी कुठल्याशा कंपनीने तिथे टीव्हीची नटी आणतो म्हणून सांगितलं आणि तिच्यासारखी दिसणारी कोणी दुसरीच उभी केली. गावाने खुर्च्या मोडल्या, कनाती फाडल्या, नटांना शाळेत कोंडून ठेवलं. पोलीस येईपर्यंत सकाळ झाली होती.

जाताना गाडीत सांगू, असं त्याने ठरवलं. गाडीत इश्वर दोघांच्या मध्ये बसला. मग रंगपटात सांगू. सत्यभामाबाई आरशासमोर केसांना पांढरी पावडर लावत होती. तो तिच्यासमोर जाऊन बसला.

"बाई, एक सांगाचं होतं."

"सांगा ना."

"टीव्हीचं..."

"टीव्हीचंच पाहाले आले ना सारे," ती हसून म्हणाली. "मले भेव वाटून राहिलं, भाऊ. अठरा वर्षांत पहिल्यांदा." तेवढ्यात इश्वर पडदा बाजूला करून आत आला, म्हणाला, मैदानात तीळ ठेवायला जागा नाही, आणि भैय्यालालच्या दंडाला धरून त्याला खड्ड्याकडे घेऊन गेला. पहिली घंटा झाली.

पहिल्या अंकात सासूचं काम नव्हतं. तो अंक भैय्यालालने कसा पार पाडला ते त्याचं त्यालाच ठाऊक. दुसऱ्या अंकाचा पडदा उघडला. दारात सून उभी, कडेला लेकरू, माघाची थंडी दाखवायला अंगावर फाटकं लुगडं. आणि आतून सासू आली.

टाळ्यांनी मैदान दणाणलं. तोंड तेच होतं, टीव्हीतलं. बाईने टाळ्या ओसरू दिल्या, भैय्यालालच्या ओठांवरून वाक्य उचललं आणि आपल्या आवाजात सुनेवर टाकलं. टाळ्यांचा शेवटचा तुकडा जागच्या जागी विझला. भैय्यालालला ती शांतता पाठीला जाणवली. त्याने दुसरं वाक्य दिलं. ती बोलली. मागून कोणीतरी ओरडलं, "हा आवाज नोहोय थो!"

"डुप्लिकेट आहे!"

"मांगच्या सालासारखंच करून राहिले, बे!"

मग कोण काय ओरडतंय ते कळेनासं झालं. माणसं उभी राहिली. मातीचं एक ढेकूळ स्टेजवर येऊन फुटलं. आणि सत्यभामाबाई? तिला दिसत होती उघडलेली तोंडं, उगारलेले हात. अठरा वर्षं सासूला हेच मिळत आलं होतं. तिला वाटलं, भूमिका चढली. ती खूश झाली आणि तिने आवाज आणखी चढवला. भैय्यालालला ते बघवेना. मागे लाकडी खुर्ची मोडल्याचा आवाज आला.

"पुढचं दे!" विंगेतून इश्वर ओरडला. त्याने पडद्याची दोरी हातात घेतली होती. "भैय्यालाल, पुढचं वाक्य दे, नाहीतर पाडतो पडदा!"

पडदा पडला की लोक स्टेजवर चढणार, हे भैय्यालालला कळत होतं. आणि बाई सगळ्यांच्या देखत खोटी ठरणार, कशासाठी ते तिला न कळताच. ती त्याच्याकडे बघत होती, पुढच्या वाक्यासाठी. वहीत पुढचं वाक्य होतं, "नीघ माझ्या दारातून." त्याने वही मांडीवर ठेवली. आवाज न करता, एकेक अक्षर उघडं करत, त्याने ओठ हलवले: बाई, टीव्हीतला आवाज तुमचा नाही.

अठरा वर्षांची सवय. ओठांवर आलं ते उचलायचं आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं. हात उंचावून, सुनेकडे बोट करून, सत्यभामाबाई सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात गरजली, "बाई, टीव्हीतला आवाज तुमचा नाही!"

मैदान चमकून गप्प झालं. आणि त्या गप्पपणात ते वाक्य तिच्यापर्यंत पोचलं. भैय्यालालला ते पोचताना दिसलं. आधी कपाळावर आठी आली, मग हात खाली आला.

"माझा नाही?" तिने त्याला विचारलं.

त्याने मान हलवली. ओठ हलवून पुढचंही सांगितलं: दुसऱ्या बाईचा लावला. लोक तुमाले नकली म्हनून राहिले.

ती तिथेच उभी राहिली. आता तिला द्यायला त्याच्याकडे काही नव्हतं. इश्वरने दोरीला एक हिसका दिला, पडदा थरथरला. मग सत्यभामाबाई पुढे आली, खड्ड्याच्या अगदी काठापर्यंत, आणि भैय्यालालकडे न बघता बोलू लागली.

"मुंबईले बलावलं होतं मले, आवाज द्याले. मी गेली नाही. ताप आहे म्हनून खोटं सांगतलं. काहून, तं मले आयकू येत नाही. सहा-सात वर्षं झाली. आता तुमी काय बोंबलून राहिले तेही मले मालूम नाही. हे खड्ड्यात बसले ना, भैय्यालालभाऊ, त्याहिच्या तोंडाकडे पाहून मी बोलते. त्याहिनं माझ्यापायी मिशी काढली, लोकाइनं हसून घेतलं. टीव्हीत तोंड माझं आहे, आवाज कोन्या दुसऱ्या बाईचा. मले आताच समजलं, तुमच्यासमोर. हा आवाज माझा आहे. खराब असन तं खराब. पन मीच हावो सत्यभामा. आता मारा, नाहीतर बसा."

भैय्यालालच्या डोळ्यांना धार लागली होती आणि पुसायला हात उचलायचंही त्याला सुचेना. सहा वर्षं झाकलेलं तिने दोन-अडीच हजार माणसांपुढे उघडं करून टाकलं होतं. आता परत घेता येणार नव्हतं. विंगेत इश्वर दोरी धरून उभा, ना ओढत होता, ना सोडत होता. लोक उभेच होते.

मग बायकांच्या बाजूला एक म्हातारी हात झटकत काहीतरी ओरडली. तोंडावर पदर होता. सत्यभामाबाईने डोळे बारीक करून पाहिलं, तिला काही लागेना. आणि सगळ्या मैदानादेखत तिने विचारलं, "भैय्यालालभाऊ, काय म्हनून राहिली थे बुढी?"

तीस वर्षांत एकाही प्रेक्षकाने त्याचा आवाज ऐकला नव्हता. भैय्यालाल उठून उभा राहिला. खड्ड्यातून त्याचं डोकं वर आलं, बिनमिशीचं, रडून ओलं झालेलं, आणि सगळ्यांनी ते पाहिलं. त्याचा आवाज पहिल्यांदा फाटला. मग त्याने जोर लावला.

"थे म्हनते, तुझं सारं आयकलं! पन थे सून केव्हाची लेकरू घेऊन थंडीत उभी आहे, तिले पह्यले घरात घे म्हनते!"

सत्यभामाबाईने मागे वळून दारातल्या सुनेकडे पाहिलं. मग म्हातारीकडे. कमरेवर हात गेले, हनुवटी वर झाली, आणि मागाच्या खटखटीवरून पलीकडे जाणाऱ्या त्या आवाजात ती म्हणाली,

"नाही घेत, जा! काय करतेस?"

बायकांची सगळी बाजू शिव्या देत उसळली. मागचे लोक पुढच्यांना खाली बसा, खाली बसा म्हणून ओरडू लागले. इश्वरने दोरी सोडून दिली. भैय्यालाल घाईघाईने खाली बसला, डोळे पुसले आणि वहीत बोट फिरवत ते वाक्य शोधू लागला. ते वहीत नव्हतं.